चारचौघांसारखी बंदूक

“अजून जरा वर,” विश्राम गवस म्हणाले.

सड्याच्या, म्हणजे गावावरच्या कातळमाळाच्या, टोकाला जांभ्याचा बांध होता आणि बांधाला लागून नेमासाठी रोवलेला एक खांब. विश्रामभाऊंचा धाकटा भाऊ पुंडलिक फळी घेऊन त्या खांबापाशी उभा होता. फळीवर मी कोळशाने काळा गोल काढून दिला होता. एरवी ती फळी आम्ही खांबाच्या पायथ्याशी, दोन चिऱ्यांवर टेकवून ठेवायचो. रानडुकराचा खांदा माणसाच्या मांडीच्या वर फारसा जात नाही, आणि आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक डुकरासाठीच बंदूक घ्यायचं.

“आणखी वर?” पुंडलिक तिकडून हसत ओरडला. “इतक्या वर डुक्कर खंय असता रे, दादा?”

“तू लाव तर खरं.”

पुंडलिकने फळी वरच्या खिळ्याला अडकवली. काळा गोल त्याच्या शर्टाच्या खिशाच्या बरोबरीने आला.

“आमची काजूची बाग चढावर आहे,” विश्रामभाऊ मला म्हणाले. “आपण खाली बसलेलो असलो आणि जनावर वरच्या अंगाला आलं, तर नेम असाच वर धरावा लागणार. नाही का?”

मी मान हलवली. बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

“पुंडलिक, इकडे या. माझ्या पाठी उभे राहा,” मी हाक मारली.

“मी हयच रवतंय ओ, ताई! खंय लागता तां सांगूक व्हया मा कोणीतरी!”

“राहू दे त्याला तिथे,” विश्रामभाऊ म्हणाले. “तो घाबरत नाही.”

“मी घाबरते,” मी म्हटलं आणि भरलेली बंदूक आभाळाकडे रोखून उभी राहिले. पुंडलिक हात झटकत, हसत परत आला, तेव्हाच मी ती खांद्याला लावली.

या गोष्टीला आता फार वर्षं झाली. तालुक्याच्या गावात, बाजाराच्या मागच्या गल्लीत माझ्या वडिलांचं बंदुकांचं दुकान होतं. सोनू मेस्त्री म्हटलं की आसपासच्या खेड्यांत कुणीही ओळखायचं. शेताच्या राखणीचा परवाना असलेले लोक आमच्याकडून ठासणीची बंदूक न्यायचे. पुढून नळीत दारू ओतायची, वर तेलात भिजवलेली चिंधी आणि गोळी ठेवून गजाने ठासायची, मागे केप, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी, बसवायची आणि चाप ओढायचा. एकदा बार काढला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. आयुष्यभर बार ऐकून बाबांचे कान गेले होते. ते दुकानाच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि कामधंदा मी बघायचे. सुरुवातीला लोक बाईच्या हातून बंदूक घ्यायला बिचकले. मग हिवाळ्यात सड्यावर नेमबाजीची स्पर्धा व्हायची, तिथे तारेला टांगलेले नारळ मी सलग दोन वर्षं फोडले आणि त्यांचं बिचकणं थांबलं.

लोक सर्वांत जास्त वाद घालायचे ते बोरवरून. बोर म्हणजे नळीच्या भोकाचं माप. त्यात आकडा वाढला की भोक बारीक होतं. बारा बोर म्हणजे अंगठा आत जाईल असं तोंड, बत्तीस बोर म्हणजे करंगळीपुरतं. ज्याला धीर नाही, ज्याचा हात कापतो, त्याला बारा बोर आवडायचं. मूठभर छर्रे भरायचे, जनावर जवळ येऊ द्यायचं आणि उडवायचं. काही ना काही लागतंच. बत्तीस बोरला एकच छोटी गोळी. दारू कमी लागते, खांद्याला धक्का कमी बसतो आणि गोळी सरळ जाते, पण नेम आपला हवा. बाबांची पसंती बत्तीस होती, म्हणून माझीही. कुणी विचारलं की शिकारीलाही चालेल आणि नेमबाजीलाही चालेल अशी एकच बंदूक सांग, तर मी डोळे मिटून बत्तीस सांगायचे. एका म्हाताऱ्याने आपल्या सोळा बोरसाठी जावयाशी बोलणं टाकलं होतं. बोर हा ज्याच्या त्याच्या अभिमानाचा विषय होता.

म्हणूनच विश्राम गवस लक्षात राहिले.

पुष्कळ वर्षं मुंबईत नोकरी करून ते गावी परतले होते. बोलणं शहरी आणि फार मृदू. मला ते ‘बाई’ म्हणायचे, आणि दुकानात पाऊल टाकण्याआधी चपला बाहेर काढायचे, जे कुणीच करत नसे. वडील वारल्यावर बंदुकीचा परवाना त्यांच्या नावावर झाला होता. जुन्या बंदुकीची नळी गंजून गेली होती, म्हणून नवीन हवी होती. पुंडलिक कधीच गाव सोडून गेला नव्हता. बाग त्यानेच वाढवलेली, रानाची माहितीही त्यालाच.

“दादाक बंदुकीतला काय कळणा नाय,” तो मला पहिल्याच भेटीत म्हणाला होता. “खयची घेवची तां आपण दोगां ठरवया.”

त्या सकाळी सड्यावर मी दोन्ही बंदुका नेल्या होत्या. आधी बत्तीस चालवून दाखवली. गोळी काळ्या गोलाच्या काठाला लागली. मग पुंडलिकने मागून घेतली. मी भरून दिली, त्याने श्वास रोखून बार काढला, आणि गोलाच्या जवळजवळ मध्यात भोक पडलं. तो लहान पोरासारखा उड्या मारत फळीकडे पळाला.

“दादा, हीच! हीच घे रे!”

विश्रामभाऊंनी ती हातात घेतली, नळीच्या तोंडाकडे बघितलं आणि परत दिली.

“आमच्या वाडीत लोकांकडे कुठलं बोर आहे, बाई?”

“बारा.”

“सगळ्यांकडे?”

“झाडून सगळ्यांकडे. बाबांनीच दिल्यात.”

“मग मलाही बाराच द्या.”

“पण तुम्ही अजून चालवून बघितली नाहीत.”

“चालवतो की. पण घ्यायची ती बाराच.” ते किंचित हसले. “चारचौघांसारखी असावी. उगीच वेगळेपणा कशाला?”

इतक्या वर्षांत हे कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं वेगळं, माझं भारी, असंच सगळे म्हणायचे.

मी बारा बोर छर्ऱ्यांनी भरून दिली. त्यांनी सावकाश नेम धरला. धुराचा लोट निवळल्यावर आम्ही तिघं फळीपाशी गेलो. काळा गोल चाळणीसारखा झाला होता. विश्रामभाऊंनी एकेका भोकात बोट घालून पाहिलं.

“आणखी जवळून मारलं तर इतके फाकणार नाहीत.”

“नाही. एकाच जागी बसतील.”

“आणि हाक्यात चार बंदुका एकदम वाजल्या, तर डुक्कर कुणाच्या बाराने पडलं, ते कसं ठरवतात?”

हा प्रश्न सगळेच विचारायचे. हाक्यात रान उठवून जनावर बंदुकांपुढे हाकायचे, आणि ज्याच्या बाराने ते पडलं, त्याला डोकं मिळायचं. मी हसले. “भांडून ठरवतात. सगळ्यांचं बोर एक, सगळ्यांचे छर्रे एकाच दुकानातले. देवाला विचारलं तरी सांगता यायचं नाही.”

ते हसले नाहीत. नुसती मान डोलावली. पुंडलिक तोवर फळी उतरवत होता आणि ती छातीशी धरून आमच्याकडे वळला. चाळण झालेल्या गोलावर विश्रामभाऊंची नजर जरा वेळ खिळून राहिली.

दुकानात येऊन त्यांनी बारा बोर नक्की केली. पुढच्या बाजाराच्या दिवशी चाप तपासून, दस्त्याला तेलपाणी करून न्यायची असं ठरलं. दोघे गेले. पायरी उतरताना पुंडलिकने मोठ्या भावाच्या चपला सरळ करून ठेवल्या.

बाबा दारातून त्यांच्याकडे बघत होते. ऐकू येत नसल्याने ते माणसांची तोंडं फार बारकाईने बघायचे.

“मंदा,” ते म्हणाले, “गिराईक बंदुकीकडे बघता. ह्यो भावाकडे बघीत होतो.”

मी कामाला लागले, पण हात चालेना. फळीची उंची, छर्ऱ्यांचे प्रश्न, ‘चारचौघांसारखी’ हा शब्द. एकेकटी घेतली तर कुठल्याच गोष्टीत काही नव्हतं. पोलिसात जाऊन सांगायचं तरी काय? एका परवानेदाराने फळी वर लावायला सांगितली म्हणून? मी स्वतःलाच वेड्यात काढलं. दुसऱ्या दिवशीही काढलं. तिसऱ्या दिवशी बारा बोरची नळी दस्त्यापासून सोडवून आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

बाजाराच्या दिवशी दुकानात दोन-तीन माणसं होती. गवस बंधू आले. विश्रामभाऊंनी चपला बाहेर काढल्या.

“बारा बोर देता येणार नाही,” मी सांगितलं. “नळीला जोडापाशी चीर आहे.”

“दाखवा.”

मी नळी आणून दिली. ते ती उजेडाकडे धरून फिरवत राहिले. जोडावरून अंगठा फिरवला. मी टेबलावरचं सामान उगाच इकडचं तिकडे करत होते.

“मला काही दिसत नाही, बाई.”

“दिसायची नाही. ठोकली की आवाज बद्द येतो. फुटली तर डोळे जातील तुमचे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चीर नव्हती, हे त्यांना कळलं होतं. त्यांना कळलंय हे मलाही कळलं.

“दुसरी बारा बोर?”

“नाही. कधी येईल सांगता येत नाही.”

“बरा झाला!” पुंडलिक म्हणाला. “बत्तीसच घेवया. डुक्कर काय बोर इचारून मरता?”

माणसं हसली. विश्रामभाऊंनी नळी टेबलावर ठेवली. नाही म्हणायला त्यांच्याकडे काही कारण नव्हतं. घ्यायची तर होती, परवाना खिशात होता आणि सारं दुकान बघत होतं.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “बत्तीस द्या.”

मी बंदूक काढली, तिचा नंबर परवान्यावर चढवला आणि दाराकडे तोंड करून मोठ्याने ओरडले. बाबांशी मी नेहमीच ओरडून बोलायचे, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही.

“बाबानू! गवसभाऊ बत्तीस नेतत! ह्या मापाची बंदूक तेंच्या गावात दुसरी नाय! हिची गोळी खंयय गावली, तरी कोणय सांगात, विश्राम गवसांची म्हणान!”

“मग डोक्यार हक्क तुमचोच, गवसानू!” एक गिऱ्हाईक म्हणालं.

पुन्हा सगळे हसले. विश्रामभाऊही हसले. त्यांचा हात मात्र बंदुकीवर पडला होता तो तसाच होता, आणि डोळे माझ्यावर. त्या नजरेत राग नव्हता. एखादं झाड तोडायचं की नाही हे माणूस बघतो, तसं ते बघत होते.

जाताना ते नेहमीसारखंच “येतो हां, बाई” म्हणाले.

त्यानंतर पुंडलिक भेटला तो काजू पिकायला लागल्यावर. भर दुपारची वेळ होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. बाबा खुर्चीतच पेंगत होते. पुंडलिक एकटाच आला आणि आल्या आल्या खुशीत टेबलावर परवाना ठेवला.

“ताई, ती बारा बोर आसा? दुरुस्त झाली?”

“कित्याक?”

“दादाक ही बत्तीस मानवणा नाय. बोलणा नाय तो, पण माका कळता. एकदाच भायर काढल्यान, नायतर भिंतीकच टांगलेली. म्हटलां, आपण बदलून हाडूया, खूश जायत. मी परवानो घेवन इलंय. तुमी बाजूक काढून ठेवा, सही करूक तेका सांजेक धाडतंय.”

मी त्याला बसायला सांगितलं. घरची खुशाली विचारली. त्याची बायको बाळंतपणाला बेळगावला माहेरी गेली होती. मग त्याने आपण होऊनच बागेचा विषय काढला. खाणवाले माणसं घेऊन गावात फिरत होते. त्यांना अख्खा डोंगर हवा होता, तुकडा नको. गवसांची बाग बरोबर मधोमध होती.

“दादाक इकूची आसा. माका नाय. दोगांची सही लागता.” तो हसला. “मी सांगलंय, माझ्या आयेक थंय जाळलेला आसा. थंय मी खड्डो मारूक देवचंय नाय. जिवात जीव आसासर सही करूचंय नाय.”

“दादा काय म्हणालो?”

“काय नाय. आयकान घेतल्यान. दादा कधी आवाज चढवणा नाय.”

बारा बोरची नळी आतल्या खोलीत धडधाकट होती. समोरचा माणूस ती आपल्या हाताने भावाला नेऊन देणार होता.

“पुंडलिक,” मी म्हटलं, “ती बंदूक तेका देव नकात.”

“कित्याक?”

मी सांगितलं. फळी कुणी वर लावायला सांगितली, छर्ऱ्यांबद्दल काय काय विचारलं, सगळ्यांसारखीच बंदूक का मागितली, नळीला चीर नव्हती तरी मी चीर आहे का म्हटलं, ते सगळं. सड्यावर जे धुक्यासारखं होतं, ते त्याच्या एका वाक्याने, त्या सहीच्या वाक्याने, घट्ट झालं होतं.

पुंडलिक उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला.

“तुमी काय बोलतास, तां तुमका तरी कळता? माझो दादा आसा तो! बापूस गेल्यार तेणां मुंबैसून पैशे धाडल्यान, म्हणान आमी जगलो. बंदुकी विकून विकून तुमका सगळीकडे मुडदेच दिसतत!”

त्याने परवाना उचलला. दारापर्यंत गेला. बाबा जागे होऊन त्याच्याकडे बघत होते. उंबऱ्यात तो थांबला, आणि तसाच पाठमोरा उभा राहिला.

“गेल्या आयतवारी हाको होतो,” तो म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. “दादा पयल्यांदाच बत्तीस घेवन बसलो. व्हाळाच्या वळणार. मी हाकत हाकत करवंदीच्या जाळीतसून भायर पडलंय, तर समोर दादा. बंदूक माझ्यार धरलेली.”

मी टेबलामागून पुढे आले.

“माका नळीचा भोक दिसला, ताई. इतक्या जवळ. मी आरडलंय, ‘दादा, मी रे! डुक्कर न्हय, मी!’ पण बंदूक खाली येयना. केदो तरी वेळ. मगे तेणां खाली घेतल्यान.”

“काय म्हणालो?”

पुंडलिक वळला. चेहऱ्यावर रक्त म्हणून नव्हतं.

“म्हणालो, ‘दिसलास मला.’”

तो परत येऊन बाकावर बसला. मी तांब्या पुढे केला, त्याने घेतला नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तो जमिनीकडे बघत राहिला. हे शब्द इतके दिवस त्याच्याजवळ होते, पण त्याने ते उलटून बघितले नव्हते, असं मला वाटलं. भावाचे शब्द कोण उलटून बघतं?

“घराक आणि कोणाक म्हायत असात?” त्याने विचारलं. “वयनीक?”

“माका काय म्हायत.”

“सकाळी तिणां माका घावणे वाढल्यान. आणखी घे, आणखी घे, म्हणा होती.” तो थांबला. “उद्या पुना हाको आसा. दादानच ठरवल्यान.”

“कोणाकोणाच्या बंदुका आसत?”

“वाडीतल्या सगळ्यांच्या.”

गल्लीच्या तोंडाशी बेळगावच्या गाडीचा कंडक्टर घंटी मारत होता. पुंडलिकने ती ऐकली. तो उठला, दादाचा परवाना माझ्या टेबलावर ठेवला, नीट, कोपऱ्याशी सरळ करून. सदऱ्याच्या खिशात हात घालून किती पैसे आहेत ते चाचपलं. मी गल्ल्यातल्या नोटा काढायला गेले, तर त्याने मानेनेच नको म्हटलं.

“बागेत पाण्याचो पाट सोडून इलंय,” तो म्हणाला. “बंद करूचो रवलो.”

एवढं बोलून तो गाडीकडे चालत गेला. पळाला नाही. खिडकीशी बसल्यावरही त्याने मागे वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी विश्रामभाऊ आले. चपला बाहेर काढल्या.

“पुंडलिक इथे आला होता का, बाई?”

“आला होता. तुमचा परवाना इथे विसरला.”

“कुठे जातो म्हणाला?”

“घरी.”

त्यांनी परवाना घेतला, घडी घालून खिशात ठेवला. “घरी आला नाही,” ते म्हणाले. “आज हाका होता. सगळे त्याची वाट बघत होते.” मग त्यांनी केपांची एक डबी मागितली. मी दिली. डबी देताना मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं, आणि ते त्यांनी पाहिलं.

पुंडलिक मला पुढे एकदाच भेटला, बेळगावच्या स्टँडवर. कडेवर मुलगी होती. तिथे एका फाउंड्रीत कामाला लागला होता. त्याने सांगितलं, “सही करून टाकलंय, ताई. खाणवालो हय इलेलो कागद घेवन. आये माका समजून घेयत.” मुलीने माझ्याकडे बघून तोंड लपवलं. मी काही न विचारता तिच्या हातावर खाऊ ठेवला आणि माझ्या गाडीत बसले. तो कुठे आहे, हे मी कुणालाही सांगितलं नाही, घरातसुद्धा नाही.

डोंगर फोडला गेला. सुरुंगांचे आवाज आमच्या दुकानापर्यंत यायचे, पण बाबांना ते कधी ऐकू आले नाहीत, आणि मग बाबाही राहिले नाहीत. पावसात ओढ्याला तांबडा गाळ यायला लागला. विश्राम गवसांनी रस्त्याला लागून घर बांधलं. दरवर्षी हंगामाच्या तोंडाला ते दारू आणि केपा न्यायला यायचे, परवाना अगदी वेळेवर नवा केलेला असायचा, आणि पैसे देताना न चुकता विचारायचे.

“पुंडलिकचं काही कळलं का, बाई?”

“नाही,” मी म्हणायचे.

दरवर्षी मी ती रात्र भीतीत काढायचे. माझ्या तोंडून, चेहऱ्यावरून काही निसटलं तर नसेल? बेळगावचं नाव दुकानात निघालं की मी विषय बदलायचे. त्या दिशेच्या गिऱ्हाइकांशीही मी जपून बोलायचे.

शेवटचे ते आले तेव्हा म्हातारे झाले होते. डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, म्हणून परवाना परत करायचा होता आणि बंदूक दुकानात जमा करायची होती. थंडीचे दिवस होते. पायरीवर हात टेकत ते वाकले आणि चपला काढल्या. मी पावती लिहीत असताना ते बाबांच्या जुन्या खुर्चीत बसले.

“बेळगावला आता चांगलीच थंडी पडली असेल,” ते म्हणाले.

माझं पेन थांबलं.

“त्याच्या मुलीचं लग्न झालं गेल्या वर्षी. मुलगा सरकारी नोकरीत आहे.” आवाज तसाच मृदू होता. “तुम्हाला बोलावलं असेल ना?”

“तुम्हाला ठाऊक होतं?” मला एवढंच विचारता आलं. “कधीपासून?”

“पहिल्यापासून. त्याची सासुरवाडी तिथलीच, बाई. दुसरीकडे कुठे जाणार तो?”

“मग दरवर्षी मला का विचारायचात?”

“तुम्ही काय सांगता, ते बघायला.”

न राहवून दुसरा प्रश्न तोंडातून बाहेर पडला.

“मग तुम्ही गेला का नाहीत? त्याच्याकडे?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा प्रश्न त्यांना खरोखरच समजला नव्हता.

“कशाला जायचं?” ते म्हणाले. “सही तर आली होती.”

त्यांनी पावती घेतली, डोळ्यांजवळ धरून वाचली, घडी घातली. मग पायरीवर बसून पायांनी चपला चाचपडल्या, त्या पायात सरकवल्या आणि भिंतीच्या आधाराने उठले.

“येतो हां, बाई,” ते म्हणाले.